फसलं तरी न उघडणारं दार

६ फेब्रुवारी

लाडके मावशी,

नमस्कार पोचला असं समज आणि आधी बातमी ऐक, कारण ती माझ्या पोटात मावत नाहीये. काम मिळालं! तुमच्या समूहाच्या अकराही हॉस्पिटलांमध्ये कॉम्प्युटरवर कोण माणूस कोण म्हणून बसलाय, हे ओळखणारी नवी यंत्रणा आमची कंपनी बांधणार आहे. आणि तिचा आराखडा तुझी ही भाची करणार आहे.

फोनवर का नाही सांगितलं म्हणून फुगू नकोस. फोनवर तू अर्धा कान वॉर्डकडे ठेवून नुसतं 'हं, हं' करतेस. पत्राला मात्र बसून उत्तर देतेस, हा माझा वसतिगृहापासूनचा अनुभव आहे.

काम सांगायला सोपं आहे. मेट्रनच्या नावाने कॉम्प्युटरवर हुकूम आला, तर तो मेट्रननेच दिलाय हे कशावरून? तुझ्या जागी तुझं नाव लावून दुसरं कोणी बसलं तर? आमचे प्रमुख प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू करतात, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना पणसाहेब म्हणतो. ते म्हणाले, "पण हॉस्पिटल म्हणजे बँक नव्हे. इथे लोकांचे हात रिकामे नसतात." मी म्हटलं, मला माहीत आहे, माझी मावशी एकतीस वर्षं तिथेच उभी आहे.

पहिला आराखडा फळ्यावर मांडलाय. चौदा अक्षरी पासवर्ड, दर महिन्याला बदलायचा. त्यावर फोनवर येणारा सहा आकडी कोड. संशयास्पद काही दिसलं की लाल पट्टी. चोराला घाम फुटेल!

आता तू खरं खरं सांग. तुमच्या वॉर्डात लॉगिन कसं होतं? नियमात लिहिलंय तसं नको सांगूस, होतं तसं सांग.

तुझी,
भिंगरी


१५ फेब्रुवारी

बाळ भिंगरी,

शाबास. तुझ्या आईला फोन करून मीच आधी सांगितलं आणि तिची बोलणी खाल्ली, की मुलीच्या बातम्या तिला बहिणीकडून कळतात.

आता तुझा प्रश्न. तिसऱ्या मजल्यावर तीस खाटा. कॉम्प्युटर दोन, त्यातला एक मनात येईल तेव्हा चालतो. एका पाळीत मला सतरा वेळा लॉगिन करावं लागतं, काल मोजलं. हातात मोजे असतात. ते काढा, हात धुवा, पासवर्ड मारा, मग कोड फोनवर येणार आणि फोन नर्सिंग स्टेशनच्या खणात. मी पोचेपर्यंत कोडची मुदत संपलेली. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पासवर्ड कुठे असतो विचारशील. चिकटपट्टीच्या रिळाच्या आतल्या बाजूला. दर महिन्याला नवा लिहायचा, जुना खोडायचा. एका नर्सने तिच्या सासूचं नाव ठेवलंय, म्हणते हे जन्मात विसरणार नाही. आमच्या औषधभांडारातला फार्मासिस्ट मात्र सगळं पाठ ठेवतो. त्याला सगळे तराजू म्हणतात, कारण त्याच्या हातून एक गोळी इकडची तिकडे होत नाही. बोलतोही मापूनच. रोज अकरा वाजता स्टेशनवर येऊन कडक औषधांचं रजिस्टर जुळवतो आणि शाई थोडी फिकट दिसली तरी मला पुन्हा सही करायला लावतो.

तेव्हा तुझी चौदा अक्षरं आम्हाला नकोत. घाम चोराला नाही, आम्हालाच फुटेल. हल्ली कॉम्प्युटरवाले म्हणे कामाला लागलेत. कालच रजेच्या नोंदी पक्क्या करायचा निरोप आला, तोही सोपस्कार उरकून टाकला. त्यांना सांग, निरोप ड्यूटी संपताना पाठवत जाऊ नका.

जेवतेस ना वेळेवर?

मावशी


४ मार्च

मावशी,

आज डोकं ठणकतंय. तुमच्या अकरापैकी एका हॉस्पिटलात चोरी झाली. कुठल्या ते अहवालात झाकलंय. कोणीतरी एका वरिष्ठ कर्मचाऱ्याच्या नावाने लॉगिन केलं, वेदना थांबवण्याच्या कडक इंजेक्शनांच्या साठ कुप्यांची मागणी टाकली, आणि दुपारी एक माणूस पांढरा कोट घालून, छापील कागद दाखवून पेटी घेऊन गेला. दहाबारा दिवस कोणाला पत्ता नाही. साठा मोजला तेव्हा उघड झालं. पेटी देणाऱ्या फार्मासिस्टला काल निलंबित केलंय.

लॉगिनला पासवर्डही बरोबर होता आणि कोडही बरोबर. म्हणजे काय, कोणीतरी तो खिरापतीसारखा वाटला! पेटी देणारा सामील असेल, नाहीतर बावळट असेल. आणि कोड देणाऱ्या माणसाला तर कॉम्प्युटरच्या आसपास फिरकू देऊ नये. इतक्या सूचना, इतके फलक, तरी माणसं डोळे मिटून दार उघडतात. मला खरंच चीड येते गं.

मी आराखड्यात एक भाग वाढवलाय. दर महिन्याला आम्हीच खोटे निरोप पाठवणार. जो फसेल त्याला प्रशिक्षण. तीनदा फसेल त्याचं नाव फलकावर. पणसाहेबांनासुद्धा पटलं, एकदाही 'पण' म्हणाले नाहीत.

तुमच्याकडे सगळं ठीक ना?

भिंगरी


१२ मार्च

भिंगरी,

ते हॉस्पिटल आमचंच. निलंबित झाला तो तराजू.

त्याने किल्ल्यांचा जुडगा डायरेक्टरांच्या टेबलावर ठेवला तेव्हा मी तिथे होते. एकेक किल्ली कोणत्या कपाटाची ते सांगत सांगत ठेवली. फ्रिजच्या कपाटाची किल्ली अडकते, थोडी वर उचलून फिरवा, असंही सांगितलं. मग पेन खिशाला लावलं आणि गेला. चौकशीवाले म्हणतात, तो रोज स्टेशनवर येतो, खणातला फोन त्याला दिसतो, पासवर्ड कुठे लिहिलाय ते त्याला ठाऊक. तोच असणार.

तू म्हणतेस तसं असेलही. मला त्यातलं काही कळत नाही.

सध्या काम फार आहे. पत्र लांबलं तर काळजी करू नकोस.

मावशी


१८ मार्च

मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तराजूबद्दल तू महिन्यापूर्वी काय लिहिलं होतंस, तेही काढून वाचलं. ज्याच्या हातून गोळी इकडची तिकडे होत नाही तो चोर, हे तू 'असेलही' म्हणून सोडून देतेस? तू? एकदा मी खोडरबर चोरल्याचा आळ आला तेव्हा शाळेत येऊन मुख्याध्यापकांच्या खुर्चीसमोर बसलेली तू?

कॉम्प्युटरमधलं तुला काही कळत नाही, हेही मला नवीन आहे.

खातं कोणाचं होतं, मावशी?

भिंगरी


२७ मार्च

बाळ,

माझं.

आता सगळं सांगते. काल डायरेक्टरांना सांगितलं, म्हणून आज तुला तोंड दाखवायची हिंमत आली.

चौदा फेब्रुवारी, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. ड्यूटी संपायला वीस मिनिटं. दोन नर्स आल्या नव्हत्या, आठ नंबरच्या आजोबांचं सकाळीच ऑपरेशन झालेलं आणि ते सलाईनची नळी ओढत होते. फोनवर निरोप आला, 'तुमच्या साठवलेल्या रजेच्या नोंदी आज बंद होत आहेत, खात्री करा.' ती रजा मी वर्षभर साठवत होते. दोन आठवडे तुझ्याकडे येऊन राहायचं होतं. तुला सांगितलं नव्हतं, अचानक दारात उभी राहणार होते.

निरोपातल्या लिंकवरून पान उघडलं. आपलंच चिन्ह, आपलाच निळा रंग, वर हॉस्पिटलचा फोटो. पासवर्ड घातला. कोड आला, तोही घातला. 'धन्यवाद' असं आलं. मी आजोबांकडे धावले. एवढंच.

तू म्हणशील, पानाचा पत्ता नाही वाचला? वाचला गं. पुढे घरी भिंग घेऊन पाहिलं तेव्हा दिसलं, एका अक्षराच्या जागी त्याच्यासारखंच दुसरं बसवलेलं होतं. रोज भेटणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचे तीळ आपण मोजतो का?

चौकशीत मला विचारलं, "ही मागणी तुम्ही टाकली?" मी म्हटलं, "नाही." खरंच होतं. पण त्याच दुपारी दुसऱ्या मेट्रनला सहज विचारलं, रजेचं काय केलंस. ती म्हणाली, "कसली नोंद? आम्हाला नाही आला असला निरोप." तेव्हा मला कळलं, तो निरोप खोटा होता. आणि मी गप्प बसले. आज सांगू, उद्या सांगू करत. मग तुझं पत्र आलं, की अशा माणसाला कॉम्प्युटरच्या आसपास फिरकू देऊ नये. ते वाचून आणखी गप्प बसले. दोष तुला देत नाही. तोंड मला होतं.

काल सकाळी त्याची जागा भरायला दुसऱ्याला बोलावल्याचं ऐकलं आणि उठून गेले. डायरेक्टर म्हणाले, "बाई, हे तुम्ही आज सांगताय?"

मी म्हटलं, "उशीर झालाय, कबूल. आता लिहून घ्या. निरोप माझ्या फोनमध्ये अजून आहे."

त्यांनी लिहायला कागद ओढला. मग म्हणाले, "एकतीस वर्षांच्या सेवापुस्तकात ठपका येईल."

"येऊ दे. त्याच्या पुस्तकात आलाय तो माझ्याच नावाचा आहे."

तिथून तराजूच्या घरी गेले. दारातच सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "सांगितलंत, बरं झालं," म्हणाला आणि दार लावून घेतलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं. हळूच लावलं.

आता तुझ्या कामाचं. मला शहाणी करायच्या भानगडीत पडू नकोस. मी शहाणीच आहे. पण दोन वाजून दहा मिनिटांनी, आठ नंबर नळी ओढत असताना, मी मूर्ख असणार. सगळेच असतात. हे धरून बांध. माणूस फसणार, तरी दार उघडणार नाही, असं तुला बांधता येत नसेल तर मग तुझ्या एवढ्या शिक्षणाचा उपयोग काय?

मावशी


१४ एप्रिल

मावशी,

आधी पाया पडते. मग उठून बोलते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फळा पुसला. 'तीनदा फसेल त्याचं नाव फलकावर' ही ओळ माझ्याच अक्षरात होती, ती सगळ्यात आधी पुसली. खिरापत वाटली म्हणून लिहिणारी मी. कोणाला लिहितेय, हे मलाच माहीत नव्हतं. माझा निरोपही चुकीच्या पत्त्यावरच गेला म्हणायचा.

नवा आराखडा घेऊन पणसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "पण लोकांनी सावध राहायला नको का? तुम्ही तर त्यांना सूटच देताय." मी वाद घातला नाही. कंपनीच्या वरिष्ठ बाईंची लेखी परवानगी घेतली आणि मंगळवारी सकाळी आमच्याच लॉगिनसारखं दिसणारं एक खोटं पान केलं. बुधवारच्या बैठकीच्या अर्धा तास आधी साहेबांना निरोप धाडला, 'बैठकीची खोली बदलली आहे, खात्री करा.'

चार मिनिटं, मावशी! चार मिनिटांत पासवर्ड आणि कोड माझ्या कागदावर.

बैठकीत सगळ्यांसमोर त्यांची फजिती करायची नव्हती, म्हणून आधी त्यांच्या खोलीत जाऊन चिठ्ठी पुढे ठेवली. त्यांनी वाचली. म्हणाले, "पण..." आणि चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. मग स्वतःच बैठकीत उभे राहून म्हणाले, "आज सकाळी मी फसलो. हा धंदा मी बावीस वर्षं करतोय. या बाईंचं ऐका." माणूस मोठा आहे, हे मला आजवर कळलंच नव्हतं.

आता बांधतोय ते ऐक. प्रत्येकाला एक किल्ली, बोटाच्या पेराएवढी, गळ्यातल्या ओळखपत्रालाच लावलेली. पहिल्या दिवशी ती हॉस्पिटलच्या खऱ्या पत्त्याशी जोडी जमवते. पुढे दर वेळी समोरचं दार तेच आहे का, हे किल्ली आणि कॉम्प्युटर आपापसात ताडून बघतात, अक्षर न् अक्षर. तू बघायचं नाही. तू फक्त टेकवायची आणि चार आकडे दाबायचे, मोज्यांसकट. दार खोटं असेल तर किल्ली गप्प. तिचं गुपित तिच्या पोटातून बाहेर पडतच नाही, त्यामुळे तुला कोणी कितीही गोड बोललं तरी सांगण्यासारखं तुझ्याकडे काही नसतं. ते चार आकडे चोराला कळले तरी किल्लीवाचून त्यांचा उपयोग शून्य. मी माझं तेच खोटं पान पुन्हा उघडलं आणि साहेबांना किल्ली दिली. त्यांनी सहा वेळा टेकवली, शेवटी तर दाबून धरली. काही झालं नाही. इतक्या आनंदाने हरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

कडक औषधांना आणखी एक नियम. पेटी नेणाऱ्यानेही भांडारात आपली किल्ली टेकवायची. कोट आणि कागद पुरणार नाहीत. तुझ्या तराजूला यापुढे कोणाच्या तोंडावरून ठरवावं लागू नये.

आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे हरवलेली किल्ली. पुढचं दार एवढं पक्कं झालं की चोर मागच्या खिडकीशी येणार, 'माझी किल्ली हरवली हो, नवी द्या.' म्हणून नवी किल्ली फोनवर मिळणार नाही. ईमेलवर नाही, डायरेक्टरांच्या चिठ्ठीवरही नाही. माणसाने स्वतः यायचं. सोबत त्याला वर्षभर तरी कामात पाहिलेली दोन माणसं, एक आपल्या विभागातलं, एक बाहेरचं, दोघांनी आपापल्या किल्ल्या टेकवून सांगायचं की हा तोच. किल्ल्या देणाऱ्या खिडकीवरच्या कारकुनाकडे हे डावलायचं बटणच ठेवलेलं नाही.

रजा घे आणि ये. दारात अचानक उभी राहा. मी दचकेन, वचन देते.

भिंगरी


२१ ऑगस्ट

बाळ भिंगरी,

तुझ्याकडून परत आल्यावर आज पहिल्यांदा निवांत बसले. तुझ्या घरातली खुर्ची मात्र बदल, पाठ अजून बोलतेय.

किल्ल्या येऊन तीन आठवडे झाले. पहिल्या दिवशी गोंधळ, दुसऱ्या दिवशी कुरकुर, तिसऱ्या दिवशी जो तो म्हणतो की मी आधीपासून हेच सांगत होतो. चिकटपट्टीची रिळं आता चिकटवण्यासाठी वापरतो. सासूचं नाव ठेवणारी नर्स म्हणते, आता घरीही विसरायला मोकळी.

पण खरी गंमत परवाची. खिडकीवर बसणारा आमचा कारकून तू पाहिलास का? बारीक, भित्रा, मी जिन्यावरून उतरले तरी भिंतीला चिकटून उभा राहतो. दुपारी धापा टाकत वर आला. म्हणाला, "मेट्रनबाई, तुम्ही आता मला फोन केला होता का?"

"नाही. का?"

"तुमचाच आवाज होता हो! म्हणाला, किल्ली ड्रेसिंगच्या कचऱ्यात गेली, चार नंबरचा पेशंट अत्यवस्थ आहे, ताबडतोब नवं लॉगिन दे, नाहीतर तुझी नोकरी घालवीन. अगदी तुमच्यासारखा ओरडला. मी तर उठून उभा राहिलो!"

मी लगेच विचारलं, "मग दिलंस?"

"काय देऊ? माझ्याकडे बटणच नाही. मी म्हटलं, बाई, हात जोडतो, दोन माणसं घेऊन खाली या, मी जागा सोडत नाही. पेशंटसाठी वॉर्डातल्या डॉक्टरांची किल्ली आहेच. तर त्या आवाजाने शिवी दिली आणि फोन ठेवला. मला वाटलं तुम्हीच. म्हणून माफी मागायला आलो."

भिंगरी, या माणसात मला नाही म्हणायची ताकद नाही. उद्या मी खरोखर ओरडले तर तो किल्लीच काय, स्वतःचा चष्मा काढून देईल. आणि तरी दार उघडलं नाही. मी त्याला वॉर्डात सगळ्यांसमोर चहा पाजला. शिवी मी देत नाही, हे मात्र त्याला बजावलं.

पण माझा आवाज कुठून उचलला असेल? डायरेक्टर म्हणतात, वर्धापनदिनाचं माझं भाषण सगळीकडे फिरतंय, त्यातून बनवला असणार. पोलिसांकडे दिलंय. बघू.

तराजू एप्रिलमध्येच कामावर परत आला, ते तुला सांगितलंच आहे. रजिस्टर जुळवायला येतो. रकान्यावर बोट ठेवतो, मी सही करते. 'नमस्कार'सुद्धा नाही. त्याचा हक्कच आहे तो.

मावशी


३ सप्टेंबर

मावशी,

तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं, तुझं नाव गाळून. भित्र्या कारकुनाच्या जागी टाळ्या पडल्या. पणसाहेब म्हणाले, "पण हाच आपला खरा तपासणी अहवाल." उरलेल्या आठ हॉस्पिटलांना आता वर्षअखेरीच्या आत किल्ल्या पोचतील. तुमच्यासारख्याच किल्ल्या मिळालेल्या आणखी दोन ठिकाणी त्याच टोळीने डोकं आपटून बघितलं म्हणे. एका ठिकाणी डॉक्टरांनी खोट्या पानावर चक्क किल्ली टेकवली आणि किल्ली बिघडली म्हणून तक्रार केली! बिघडली नव्हती, तेच तिचं काम होतं.

एक शंका छळते. चोराला आपण अडवलं. पण खऱ्या माणसाची किल्ली खरंच हरवली, तर त्याला दोन साक्षीदारांचा नियम जाचेल का? अजून तुमच्याकडे तशी वेळ आली नाही. आली तर मला खरं खरं कळव. जाच असेल तर सुधारीन.

भिंगरी


१९ ऑक्टोबर

बाळ,

आली वेळ. आणि आली ती माझ्यावरच.

सोमवारी चादरी बदलताना ओळखपत्र गळ्यातून काढून ट्रॉलीवर ठेवलं, आणि ट्रॉली गेली धुलाईला. उकळत्या पाण्यातून किल्ली निघाली ती चॉकलेटसारखी वाकून. मी खाली खिडकीपाशी गेले. कारकून मला बघून उठला, मग एकदम खाली बसला आणि म्हणाला, "दोन माणसं, बाई." आवाज कापत होता, पण म्हणाला. मला त्याचं कौतुक वाटलं.

माझ्या विभागातली सासूवाली नर्स लगेच आली. बाहेरच्या विभागातलं कोण? दुसरी मेट्रन प्रशिक्षणाला गेलेली. क्ष-किरणवाला नवा, त्याला वर्ष झालेलं नाही. डायरेक्टर म्हणाले, "मी येऊ का?" तेही मार्चमध्येच या पदावर आलेले, नियमात बसेनात. कारकुनाने यादी खालीवर केली आणि चाचरत म्हणाला, "औषधभांडारात एक जण आहेत."

मी म्हटलं, "राहू दे. दुसऱ्या मेट्रन गुरुवारी येतील, तोवर नर्सेस आपापल्या किल्लीवर काम करतील." खरं सांगते, त्याच्यापुढे हात पसरायची माझी लायकी नव्हती. पण सासूवाली कुठली ऐकते. ती तोवर भांडारात पोचली होती.

तो आला. हात पुसत पुसत, सावकाश. खिडकीच्या एका बाजूला उभा राहिला, माझ्याकडे न बघता. कारकुनाने कागद समोर धरून वाचलं, "समोर उभी असलेली व्यक्ती तीच आहे, याची तुम्हाला खात्री आहे का?"

तेव्हा तराजूने माझ्याकडे पाहिलं. मार्चनंतर पहिल्यांदा, सरळ. मीही मान खाली घातली नाही. वाटलं, बघू दे, जे काय आहे ते बघू दे.

"आहे," तो म्हणाला.

"कशावरून, ते एका ओळीत लिहायचंय."

"तेवीस दिवस गप्प बसली ती हीच. आणि चोविसाव्या दिवशी कोणी न विचारता बोलली, तीही हीच. दोन्ही लिहा."

कारकून म्हणाला, "एवढी जागा नाही हो फॉर्मवर."

"मग नुसतं 'पुरतं ओळखतो' लिहा," असं म्हणून त्याने किल्ली टेकवली आणि चार आकडे दाबले.

नर्सने टेकवली. यंत्रातून माझी नवी किल्ली बाहेर आली. हातात घेतली तर ती मला दिसेना, डोळे असे भरले होते. सगळ्यांसमोर, भर दुपारी, मी! नर्स उगाचच खोकत दुसरीकडे बघत होती.

तराजू निघाला. चार पावलं गेला, थांबला आणि वळून म्हणाला, "मेट्रनबाई, उद्याची मागणी अकराच्या आत टाका. मागच्या आठवड्यात दोनदा उशीर केलात."

"टाकते," मी म्हटलं. "अकराच्या आत."

तर तुझं उत्तर. नियम जाचतो, हो. चांगलाच जाचतो. बदलू नकोस.

मावशी